पदोन्नती सोडून खाली आल्यावरचा पगार : पुण्यातील एका वेतननिश्चिती सल्लासेवेचा अनुभव

केंद्र सरकारच्या नोकरीत मिळालेली पदोन्नती आपणहून सोडून खालच्या पदावर आले, तर पगार कितीवर बसतो, असे विचारले की बहुतेक सहकारी "कमी होणार, दुसरे काय?" एवढेच सांगतात. २०२४ साली हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि माझा पगार नियमाने जेवढा ठरायला हवा होता त्यापेक्षा बराच खाली ठरवला गेला. तो दुरुस्त करून घेण्यासाठी मी पुण्यातील एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांची सल्लासेवा घेतली. त्यांच्याकडे येणारे सगळे त्यांना काकाच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहिते. ते जाहिरात करीत नाहीत आणि नाव कोठे लिहू नये असे त्यांनी मला स्पष्टपणे सांगितले आहे. माझ्या कार्यालयाचे नावही देत नाही, कारण झालेली चूक त्यांनी पुढे स्वतःच दुरुस्त केली. तरीही या सेवेबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण घरच्या अडचणीपायी पदोन्नती सोडणारी माणसे, विशेषतः बायका, माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांतील फार थोड्यांनी आपली वेतननिश्चिती कोणाकडून तपासून घेतली आहे.

आधी माझे प्रकरण सांगते. मी ऑगस्ट २०१२ मध्ये थेट भरतीने, तेव्हाच्या ४,२०० ग्रेड पे असलेल्या पदावर, नागपूरच्या संवर्गात रुजू झाले. सातव्या वेतन आयोगानंतर ते पद लेव्हल ६ मध्ये, म्हणजे नव्या वेतन तक्त्याच्या सहाव्या स्तंभात, आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मला लेव्हल ७ मध्ये पदोन्नती मिळाली आणि त्या पदावर मी नियमित झाले. यजमानांची नोकरी पुण्यात, सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आलेला, आणि मी मुलाला घेऊन नागपुरात, अशी आमची दोन वर्षे गेली. पुण्याचा संवर्ग वेगळा आहे. तेथे लेव्हल ७ चे पद केवळ पदोन्नतीने भरतात, त्यामुळे बाहेरच्या संवर्गातून त्या पदावर थेट येण्याची सोय नाही. लेव्हल ६ मधील थेट भरतीच्या रिकाम्या जागेवर मात्र विनंती बदलीने येता येते. मी तसा अर्ज केला, सेवाज्येष्ठता यादीत सर्वांत शेवटी जाण्याची अट लेखी मान्य केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात रुजू झाले.

पहिल्या दोन महिन्यांच्या पगारपत्रकांत महागाई भत्त्याचा जुना दर आणि मागील फरक यांची सरमिसळ होती, म्हणून खरे चित्र मला एप्रिलच्या पगारात दिसले. मूळ वेतन ४६,२०० रुपये. नागपूरला असताना माझे मूळ वेतन ५०,५०० होते. गंमत नव्हे, पण ही घट पहिल्या नजरेत कळली नाही, याचे कारण घरभाडे भत्ता. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्त्याचे दर एक्स, वाय आणि झेड (लोकसंख्येनुसार केलेले वर्ग) शहरांसाठी अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले होते. पुणे एक्स वर्गात आणि नागपूर वाय वर्गात मोडते. वाहतूक भत्ता बाजूला ठेवला, तर नागपूरच्या हिशेबाने ५०,५०० अधिक २५,२५० महागाई भत्ता अधिक १०,१०० घरभाडे भत्ता, असे ८५,८५० झाले असते. पुण्यात ४६,२०० अधिक २३,१०० अधिक १३,८६० मिळून ८३,१६० होत होते. म्हणजे एकूण घट केवळ २,६९० रुपयांची. "पद सोडले म्हटल्यावर एवढे जाणारच, मॅडम," असे आस्थापना शाखेतील लिपिक म्हणाले, आणि मलाही ते पटले. मला जे मिळायला हवे होते ते ९०,९०० होते, हे कळायला मे महिना उजाडावा लागला. शेजारच्या विभागातील एका ताईंनी माझे पगारपत्रक पाहिले आणि काकांचा पत्ता दिला.

काकांची जागा कॅम्पकडच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. खोली लहान, बाहेर चार माणसे बसतील असे बाकडे, आत एक टेबल आणि भिंतीला लागून फायलींचे कपाट. टेबलावर वेतन मॅट्रिक्सचा मोठा तक्ता लॅमिनेट करून ठेवलेला आहे आणि त्यावर एक लाकडी फूटपट्टी. फोनवर ते फक्त कोणते कागद आणायचे तेवढे सांगतात : नियुक्तीचा आदेश, पदोन्नतीचा आदेश, पदोन्नतीच्या वेळचे वेतननिश्चितीचे विवरण आणि भरलेला विकल्प, बदलीचा आदेश, शेवटचे वेतन प्रमाणपत्र, सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या प्रती, आणि बदलीसाठी केलेला मूळ अर्ज. शेवटचा कागद मी नेला नव्हता, कारण त्याचा पगाराशी काही संबंध असेल असे मला वाटले नाही. काकांनी बाकीचे सगळे बाजूला सारले आणि म्हणाले, "ताई, पगार नंतर बघू. आधी तुम्ही काय मागितले होते ते बघू." अर्जाचा फोटो मोबाइलमध्ये सापडला, म्हणून दुसरी खेप वाचली.

या एका वाक्यात त्यांच्या सेवेचे सगळे मोल आहे, हे मला पुढच्या तासाभरात समजले. आपण समजतो की पदावरून खाली आल्यावरचा पगार हा गणिताचा भाग आहे आणि तो लेखा शाखा ठरवते. प्रत्यक्षात तो अर्जातील आणि आदेशातील शब्दांवर ठरतो, आणि गणित त्यानंतर येते. शिक्षा म्हणून किंवा अकार्यक्षमतेमुळे खालच्या पदावर आणणे ही निराळी बाब आहे. स्वतःच्या लेखी विनंतीवरून खालच्या पदावर येणे हे मूलभूत नियमांतील १५-ए खाली होते, ज्याला कार्यालयात सगळे एफआर १५-ए म्हणतात. अशा कर्मचाऱ्याच्या वेतनाबाबत केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने ३१ मार्च २०१७ रोजी कार्यालयीन ज्ञापन काढलेले आहे. वरचे पद नियमितपणे धारण करणारा माणूस विनंतीवरून खालच्या पदावर आला, तर त्याचे वेतन खालच्या लेव्हलमध्ये त्याच रकमेच्या टप्प्यावर ठरते. तेवढ्याच रकमेचा टप्पा खालच्या लेव्हलमध्ये नसेल, तर लगतच्या खालच्या टप्प्यावर ठरते आणि उरलेला फरक वैयक्तिक वेतन म्हणून मिळतो, जो पुढच्या वेतनवाढीत जिरतो. खालच्या लेव्हलची कमाल मर्यादाच त्याच्या वेतनापेक्षा कमी असेल, तर मात्र वेतन त्या कमाल रकमेवर थांबते. लेव्हल ६ ची कमाल १,१२,४०० रुपये आहे, त्यामुळे माझ्यासारखीला तिची धास्ती नाही. निवृत्तीच्या जवळ आलेल्या माणसाने ती अवश्य पाहावी.

दुसरी शक्यता अशी की बदलीच्या आदेशातच अट असते : कर्मचाऱ्याने आधी आपल्या मूळ पदावर पदावनत व्हावे आणि मग बदलीवर कार्यमुक्त व्हावे. तसे झाले, तर पदोन्नती झालीच नसती तर खालच्या पदावर आज जे वेतन असते, ते वेतन ठरते. काकांनी फूटपट्टी लेव्हल ६ च्या स्तंभावर उभी ठेवली आणि पेन्सिलीने टप्पे मोजून दाखवले. जुलै २०२१ मध्ये मी ४६,२०० वर होते. पदोन्नतीत एक वेतनवाढ मिळून ४७,६०० झाले, आणि लेव्हल ७ मध्ये नेमका तेवढ्याच रकमेचा टप्पा असल्यामुळे वेतन तेथेच ठरले. जुलै २०२२ मध्ये ४९,०००, जुलै २०२३ मध्ये ५०,५००. पदोन्नती नसती, तर लेव्हल ६ मध्ये जुलै २०२२ ला ४७,६०० आणि जुलै २०२३ ला ४९,००० झाले असते. म्हणजे आदेशात आधी पदावनत होण्याची अट असेल तर ४९,०००, नसेल तर ५०,५००. या दोन्हींखेरीज तिसरा आकडा संभवतच नव्हता. माझ्या कार्यालयाने ठरवलेले ४६,२०० हे माझे लेव्हल ६ मधील शेवटचे काढलेले वेतन होते. सेवापुस्तकाचे पान उलटून पदोन्नतीच्या आधीची शेवटची नोंद पाहिली आणि तीच उचलली. मधल्या दोन वर्षांच्या वेतनवाढी हिशेबातच आल्या नाहीत. नागपूरहून आलेल्या शेवटच्या वेतन प्रमाणपत्रावर ५०,५०० स्वच्छ लिहिलेले असूनही असे घडले.

माझ्या आदेशात पदावनतीची अट नव्हती. एफआर १५-ए खाली, स्वतःच्या विनंतीवरून, लेव्हल ६ मध्ये, एवढेच शब्द होते. त्यामुळे ५०,५०० हेच वेतन. मूळ वेतनात दरमहा ४,३०० रुपयांची, आणि ५० टक्के महागाई भत्ता व ३० टक्के घरभाडे भत्ता धरून ७,७४० रुपयांची तूट होत होती. यात राष्ट्रीय पेन्शन योजनेचा भाग धरलेला नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ६,४५० रुपये कमी धरले गेले, म्हणजे माझे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के मिळून १,५४८ रुपये दरमहा पेन्शनच्या खात्यात कमी जमा होत होते. हे काकांनी मी न विचारता सांगितले. मूळ वेतन चुकले की ते पुढच्या वेतन आयोगापर्यंत चुकीचेच राहते, आणि २०१६ मध्ये जसे जुन्या वेतनाला २.५७ ने गुणले होते तसा जो काही गुणक पुढे लागेल तो या चुकीलाही लागतो, हा मुद्दाही त्यांचाच.

पगाराचा प्रश्न येथे संपला असता, तर ही चांगली हिशेबनीस सेवा आहे एवढेच मी लिहिले असते. पण काकांनी यानंतर जे समजावले ते मला कोणत्याही कार्यालयात कोणी सांगितले नव्हते, आणि ते वाचणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते. ही बाब एमएसीपीची (मॉडिफाइड अशुअर्ड करिअर प्रोग्रेशन योजनेची) आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याला १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर पदोन्नती मिळाली नसेल तर पुढची लेव्हल मिळते. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत आश्वासित प्रगती योजना म्हणतात, त्याच जातीची ही तरतूद. माझी दहा वर्षे ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्ण झाली, पण त्याआधीच पदोन्नती मिळाल्यामुळे पहिली एमएसीपी मला लागू झाली नाही. आता पदोन्नती सोडून खाली आल्यावर ती पदोन्नती एमएसीपीच्या हिशेबात धरायची की नाही?

याचे उत्तर कार्मिक विभागाच्या २०१० मधील स्पष्टीकरणात आहे. आधी पदावनत होऊन बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याची जुनी पदोन्नती नव्या कार्यालयात एमएसीपीसाठी दुर्लक्षित केली जाते. वेतन संरक्षण घेऊन, म्हणजे वरच्या पदावरचे वेतन राखून, आलेल्याने मात्र पदोन्नतीचा आर्थिक लाभ सोबत आणलेला असतो, म्हणून त्याची पदोन्नती मोजली जाते. आधीची सेवा दोन्ही प्रकारांत धरली जाते. हे सांगितल्यावर काकांनी माझ्यासमोर दोन स्तंभ आखले. पहिल्या स्तंभात मी आहे तशी : लेव्हल ६, ५०,५०० रुपये, पदोन्नती मोजलेली, पुढचा लाभ वीस वर्षांनी म्हणजे ऑगस्ट २०३२ मध्ये, आणि तोही लेव्हल ७ चा. दुसऱ्या स्तंभात आधी पदावनत होऊन आले असते तर : लेव्हल ६, ४९,००० रुपये, पण पदोन्नती पुसली गेल्यामुळे दहा वर्षांची पहिली एमएसीपी मागण्याचा मार्ग मोकळा. छाननी समितीने गोपनीय अहवाल पाहून ती मंजूर केली की एक वेतनवाढ मिळून वेतन ५०,५०० वर, म्हणजे त्याच रकमेवर येते, मात्र लेव्हल ७ मध्ये. आणि ऑगस्ट २०३२ मध्ये दुसरी एमएसीपी लेव्हल ८ ची. आज दरमहा मूळ वेतनात १,५०० रुपये कमी घेणारी वाट पुढे वरच्या लेव्हलला जाते आणि आज पूर्ण रक्कम राखणारी वाट एक लेव्हल मागे राहते, हे त्या कागदावर मला पहिल्यांदाच दिसले.

मी विचारले की आता काही करता येईल का. ते म्हणाले, "नाही ताई. आदेश निघून तुम्ही रुजू झालात. अर्ज करायच्या आधी आला असतात, तर अर्जात एक ओळ घालायला सांगितली असती." ती ओळ म्हणजे, बदली मंजूर करताना मला आधी मूळ पदावर पदावनत करून कार्यमुक्त करावे, ही विनंती. ती मान्य करणे सक्षम प्राधिकाऱ्याच्या हाती असते आणि प्रत्येक प्रकरणात तीच वाट हिताची असेल असेही नाही. ज्याची निवृत्ती चार वर्षांवर आहे, किंवा ज्याला दोन पदोन्नत्या मिळून गेल्या आहेत, त्याचे स्तंभ वेगळे पडतील. पण ते दोन स्तंभ अर्ज करण्यापूर्वी समोर असायला हवेत. माझ्या समोर ते तीन महिने उशिरा आले, याची हळहळ मला अजून वाटते.

बाकड्यावर माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते, तेही लेव्हल ५ वरून विनंतीने लेव्हल ४ वर आलेले. त्यांची परवानगी घेऊन त्यांचा आकडा येथे देते, कारण टप्पा जुळत नाही तेव्हा काय होते हे त्यातून नेमके कळते. त्यांचे वेतन ३९,२०० होते. लेव्हल ४ मध्ये ३८,६०० नंतर एकदम ३९,८०० आहे. कार्यालयाने त्यांना ३८,६०० वर बसवले, ते बरोबर होते. पण वरचे ६०० रुपये वैयक्तिक वेतन म्हणून द्यायचे राहून गेले होते. पुढच्या वेतनवाढीला ते ३९,८०० वर गेले की वैयक्तिक वेतन संपते आणि त्यांची प्रत्यक्ष वाढ ६०० रुपयांचीच दिसते. "वाढ अर्धीच का लागली म्हणून तेव्हा पुन्हा माझ्याकडे येऊ नका," असे काका त्यांना समजावत होते.

आता निवेदनाविषयी. काकांनी मसुदा इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहून दिला, कारण आमच्या कार्यालयाचा असा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ त्यांनी मराठीत सांगितला आणि मला समजल्याची खात्री होईपर्यंत पुढे सरकले नाहीत. मी आपल्या मसुद्यात संबंधित लिपिकाच्या निष्काळजीपणाबद्दल दोन ओळी लिहून नेल्या होत्या. त्या त्यांनी शांतपणे खोडल्या. चूक कोणाची हे लिहायचे नाही, चूक कोणत्या रकान्यात आहे ते लिहायचे, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला अडचण वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे. दीड पानाचे ते निवेदन, सोबत तीन स्तंभांचा तक्ता आणि २०१७ च्या ज्ञापनाची प्रत, असे मी जूनमध्ये रीतसर वरिष्ठांमार्फत दिले. लेखा शाखेने एक शंका विचारली, ती मी लेव्हल ७ मध्ये नियमित होते की तात्पुरती, याबद्दल होती. काकांनी ही शंका येणार हे आधीच सांगून पदोन्नतीवरील परिवीक्षा पूर्ण झाल्याच्या आदेशाची प्रत तयार ठेवायला लावली होती, त्यामुळे उत्तर त्याच दिवशी गेले. सप्टेंबर अखेरीस सुधारित वेतननिश्चिती झाली, रुजू झाल्याच्या दिवसापासून ५०,५०० मान्य झाले आणि थकबाकी दिवाळीपूर्वी खात्यावर आली.

सेवेच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काका दुपारी चार ते सात एवढ्याच वेळेत भेटतात आणि पूर्वी वेळ घेतली नसेल तर बाकड्यावर तासभर जातो. मसुदा हस्तलिखित मिळतो, टंकलेखन आपले आपण करून घ्यावे लागते, आणि ज्याला घाई आहे त्याला याचा त्रास होईल. ते आपल्या सहीने लेखी मत देत नाहीत. त्यामुळे पुढे वाद न्यायाधिकरणात न्यायचा झाला तर वकील वेगळाच करावा लागतो. माझ्या बाबतीत त्यांच्याकडूनही एक चूक झाली. त्यांच्या छापील नमुन्यावर घरभाडे भत्ता जुन्या २७ टक्क्यांनी धरलेला होता आणि त्या भत्त्यातली तूट १,२९० ऐवजी १,१६१ दाखवली होती. मी लक्षात आणून दिल्यावर त्यांनी मसुदा फाडला, पूर्ण तक्ता नव्याने लिहिला आणि मला त्यासाठी पुन्हा यायला लावल्याबद्दल वेगळे पैसे घेतले नाहीत. हिशेब तपासून घ्यायला गेलेल्याने सल्लागाराचाही हिशेब तपासावा, एवढे मी त्यातून घेतले. कार्यालयीन ज्ञापनांची झेरॉक्सही ते फिकट देतात. मी ती विभागाच्या संकेतस्थळावरून नव्याने छापून निवेदनाला जोडली.

कागद तपासण्याचे ८०० रुपये आणि निवेदनाचा मसुदा करण्याचे १,५०० रुपये, असे एकूण २,३०० रुपये माझ्याकडून घेतले. रक्कम आधीच सांगितली आणि त्यात पुढे एक रुपयाही वाढ केली नाही. थकबाकीतील टक्केवारी मागणारे लोक या व्यवसायात आहेत आणि माझ्या एका मैत्रिणीने तशी रक्कम दिलेलीही आहे. काकांनी तो विषय काढला नाही. कागद पाहून प्रकरणात दम नाही असे वाटले, तर ते मसुद्याचे पैसे घेत नाहीत आणि तसे सांगून परत पाठवतात. माझ्यासमोरच एका बाईंना त्यांनी सांगितले की त्यांचे वेतन नियमापेक्षा जास्त ठरले आहे आणि निवेदन दिले तर वसुली अंगावर येईल. जास्त गेलेल्या रकमेची वसुली कोणकोणत्या कर्मचाऱ्यांकडून करता येत नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ मधील रफिक मसीह प्रकरणाचा निकाल आहे, तोही त्यांनी वाचायला दिला, पण त्याच्या भरवशावर चूक लपवून ठेवा असे सुचवले नाही.

ही सेवा सर्वांसाठी नाही. खासगी कंपनीतील प्रकरणे काका घेत नाहीत, कारण तेथे नियुक्तीपत्रातील अटी आणि कामगार कायदा यांवर सगळे ठरते आणि तो आपला विषय नाही असे ते सांगतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवा वेतन नियम लागू होतात. त्यांना काका दुसऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे पाठवतात. केंद्राची नोकरी असेल, विनंतीने खाली यायचे असेल किंवा येऊन झाले असेल, आणि सेवापुस्तकाच्या प्रती हाताशी असतील, तर मात्र येथे जरूर जावे. शक्य असेल तर अर्ज देण्यापूर्वी जावे. अर्ज देऊन झाला असेल आणि आदेश निघाला नसेल, तर त्याच आठवड्यात जावे.

गेल्या महिन्यात नागपूरच्या माझ्या जुन्या कार्यालयातील एक मुलगी अशाच बदलीच्या विचारात असल्याचे कळले, म्हणून मी तिला घेऊन पुन्हा त्या बाकड्यावर बसले. तिचा अर्ज अजून टाइप व्हायचा होता. काकांनी तिची नियुक्तीची तारीख विचारली, कोऱ्या कागदावर दोन स्तंभ आखले आणि फूटपट्टी तक्त्यावर ठेवली.